उजव्या बाहीचं माप

अक्कांचा उजवा हात मांडीवर टॉवेलाखाली झाकून ठेवलेला असायचा. त्याला त्या 'लाकूड' म्हणायच्या. "हे लाकूड जरा बाजूला घे गं," असं सुनेला सांगायच्या आणि सांगताना तोंड खिडकीकडे वळवायच्या. अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झाले होते. पाय काठीच्या आधारानं चालायला लागला होता. बोलणं वाचलं होतं, जीभ तर मला आधीपेक्षा जास्तच धारदार वाटत होती. पण हाताकडे काही त्या बघायला तयार नव्हत्या. व्यायाम करवून घ्यायला येणारी मुलगी मला जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "काकू, हात मेलेला नाहीये हो. अंगठा हलतो, दोन बोटं हलतात. पण त्यांनी तो टाकूनच दिलाय. आणखी दोन-तीन महिने असेच गेले, तर मग खरंच आखडून बसेल."

हे ऐकून मला आधी वाईट वाटायला हवं होतं. पण मला आला राग. माझं असंच आहे, राग पुढे येतो आणि बाकीचं मागून येतं. जिनं इतक्या बायकांना हाताला धरून स्वतःच्या अंगात परत आणून बसवलं, तिनं स्वतःच्या हाताला लाकूड म्हणावं? मी तरातरा वर गेले आणि पाच मिनिटं बसून तशीच खाली आले. 

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी साडेसहापासून लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, "मूठ आवळा, आता सोडा," एवढंच म्हणायचं. अक्का मला सुईबाई म्हणतात. "तुझीही सुईच, माझीही सुईच," असं त्या म्हणायच्या, "फक्त तुझ्या सुईला बघून लोक तोंड फिरवतात आणि माझ्या सुईसाठी रांग लावतात." 

रांग खरंच असायची. औषधांच्या दुकानावरची ती एक खोली, अक्कांचं शिवणाचं दुकान. जिना इतका अरुंद की एकीला उतरायचं असेल तर दुसरीनं भिंतीला चिकटायचं. खिडकीपाशी पायाचं मशीन, मधोमध कापायचं टेबल, खडूची धूळ, इस्त्रीचा वास, आणि कोपऱ्यात पडद्याआड माप घ्यायची जागा. तिथे एक स्टूल, एक खुंटी आणि एक आरसा. आरशाचं तोंड कायम भिंतीकडे. नवीन बाई आली की आधी आरसाच सरळ करायला जायची. अक्का बाहेरून ओरडायच्या, "राहू दे तो! तुझं झालं की तू फिरव. मी सांगेन तेव्हा नाही, तुला वाटेल तेव्हा."

आणि मग त्यांचा तो नियम, ज्याच्यापायी निम्म्या बायका पहिल्या दिवशी वैतागून परत जायच्या. अक्का माप घ्यायच्या नाहीत. टेप हातात द्यायच्या, पडदा ओढायच्या आणि मशीनवर जाऊन बसायच्या. माप जिचं तिनं घ्यायचं. आणि तेही लगेच नाही. चपला काढून स्टुलावर बसायचं, तळवे जमिनीला टेकवायचे, एक हात पोटावर ठेवायचा. बाहेर अक्का दोरा न ओवता नुसतंच मशीन चालवायच्या, अगदी सावकाश. खट, खट, खट. कापड नाही, दोरा नाही, रिकामं मशीन. बसलेल्या बाईचा श्वास हळूहळू त्या आवाजाच्या चालीवर यायचा. मग केव्हातरी आतून आवाज यायचा, "कंबर तीस." अक्का म्हणायच्या, "आलं." "दंड बारा." "आलं." अक्कांच्या तोंडून हे 'आलं' ऐकलं की का कोण जाणे, शाळेत बाईंनी पाठीवर थाप मारल्यासारखं वाटायचं.

एकदा बसमध्ये तिकिटं फाडणारी एक बाई आली होती. उकळतं पाणी सांडून तिचं पोट भाजलं होतं आणि वर्षभर ती अंधारात आंघोळ करत होती. पडद्याआड ती पाऊण तास बसली. बाहेर आम्ही चौघी खोळंबलेल्या, आणि अक्कांचं आपलं खट, खट चालू. शेवटी आतून आरसा फिरवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ती म्हणाली, "अगंबाई, एवढंच आहे होय!" आम्ही सगळ्या इतक्या हसलो, आणि सगळ्यात जास्त तीच हसली.

हे कुठून सुचलं, असं मी अक्कांना एकदाच विचारलं. सुईत दोरा ओवता ओवता त्यांनी तीन वाक्यांत सांगून टाकलं. चौदाव्या वर्षी त्यांना पहिल्यांदा शिंप्याकडे नेलं होतं. शिंप्याचे हात माप झाल्यावरही अंगावरच राहिले होते, आणि आई दारातच उभी होती पण तिला दिसलं नाही. त्यानंतर किती वर्षं आपल्याला आपलं अंग म्हणजे कुणीतरी हात लावून बाहेर ठेवून दिलेली वस्तू वाटायचं, असं त्या म्हणाल्या. मग लगेच, "हा दोरा कुठल्या गाढवानं आणलाय, ओवलाच जात नाही!"

पुढे त्यांनी अकरा वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात काढली. तिथे म्हणे जगातल्या सगळ्या बायका तीनच मापांच्या. लहान, मध्यम, मोठं. "आणि तिन्ही मापांत मी बसत नव्हते," असं त्या डोळे मिचकावून सांगायच्या. कारखाना सुटला आणि ही खोली घेतली. नवरा लवकर गेला, एकुलत्या मुलाला मोठं केलं, त्याचं लग्न लावून दिलं. सून घरात आली, तिचं पहिलं मापही तिनंच घेतलं. पोतं शिवायचं नाही ही त्यांची एकच शपथ. ढगळ, अंग लपवणारं काही शिवायला सांगितलं, तर सरळ म्हणायच्या, "पोती बाजारात मिळतात, इथे कपडे मिळतात."

मला तिथे माझी लेक घेऊन गेली. घेऊन कसली, ओढत नेलं. पाच वर्षांपूर्वी माझी डावी छाती काढली. ऑपरेशन चांगलं झालं, औषधं झाली, केस परत आले, मी कामावर रुजू झाले. सगळे म्हणाले, काय धीराची बाई! डोंबलाची धीराची. मी आठ महिने कपडे बदलताना छताकडे बघत होते. साबण त्या जागेवरून न बघता फिरवायचा. दुखलं तर नवऱ्याला सांगायचं, "ती बाजू दुखतेय." माझी म्हणायचं नाही. दर महिन्याला हातानं चाचपून बघा असं डॉक्टरांनी बजावलं होतं, मी दर महिन्याला बघितलं म्हणून खोटं सांगायचे. रोज पन्नास लोकांच्या अंगाला हात लावणारी मी, पण स्वतःच्या अंगाला हात लावायचं नाव नाही. लेक सुट्टीला घरी आली, दारातच मिठी मारायला धावली, आणि मी मध्ये कोपर घातलं. मला कळलंही नाही. ती मागे सरली आणि म्हणाली, "आई, तू मला ढकललंस." त्या वाक्यानं काळजात जे चर्र झालं, ते ऑपरेशनच्या दिवशीही झालं नव्हतं.

तर अक्कांकडे गेले. पडद्याआड बसले. खट, खट ऐकलं. टेप हातात होती आणि हात काही केल्या वर जाईना. शेवटी मी तशीच बसून ओरडले, "छाती छत्तीस!" छत्तीस हे माझं जुनं माप. बाहेर मशीन एक क्षण थांबलं. मग अक्का म्हणाल्या, "बरं."

'आलं' नाही, 'बरं'. मला तेव्हा फरक कळला नाही.

आठवड्यानं ड्रेस घातला. उजवीकडे चोख, आणि डावीकडे नुसता पोकळ झोळ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडदा सारून बाहेर आले आणि सगळ्यांच्या देखत अक्कांना सुनावलं, "तुम्हाला शिवता येत नाही तर दुकान कशाला मांडलंत?" अक्कांनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाल्या, "जिचं माप तू दिलंस तिचा ड्रेस मी शिवला. चांगली बाई होती, मला तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही. आता ती नाही. तुझा शिवायचा असेल तर आत जाऊन बस." आणि पुढे येऊन त्यांनी ड्रेसच्या बाजूचा एक दोरा ओढला. सगळी शिवण सरसर सुटली. मेलीनं आख्खा ड्रेस नुसत्या धावदोऱ्यानं जोडला होता! छत्तीस म्हटल्या क्षणीच तिला कळलं होतं.

त्या दिवशी मी आत बसून रडले. मोठ्यानं रडले, लाज सोडून. मग हात वर नेला. पहिल्यांदा. तिथे काय होतं सांगू? कातडी होती. कोमट. हाताखाली ठोके लागत होते, आधी मधे मांस होतं तेव्हा लागायचे त्याच्यापेक्षा जवळ. मला वाटलं होतं तिथे काहीच नसेल. आणि तिथे तर मीच होते, आठ महिने दाराबाहेर उभी केलेली. "साडेतेहतीस," मी म्हणाले. बाहेरून आवाज आला, "आलं." मग जरा वेळानं, "डावीकडे आतून काही भरायचं की असंच सपाट बसवू? तुझं अंग आहे, तू सांग." मी म्हणाले, असंच.

नंतर एकदा मी त्यांना विचारलं होतं, अक्का, तुम्ही देव मानता का? तर म्हणाल्या, "असेलच तर याच अंगात राहत असणार बघ. एवढ्याशा जागेत त्याला अडचण होत असेल, म्हणून निदान जागा झाडून तरी ठेवावी." आणि लेक पुढच्या सुट्टीला आली तेव्हा तिचं डोकं माझ्या डाव्या बाजूला टेकलं. मी कोपर घातलं नाही. ती म्हणाली, "आई, तुझे ठोके ऐकू येतात." याहून जास्त मला काही मिळायचं राहिलं आहे असं वाटत नाही.

आणि ह्याच अक्का आता ढगळ गाऊनमध्ये, टॉवेलाखाली हात लपवून, अंग चोरून बसल्या होत्या. गाऊन सुनेनं आणलेला. सून गुणी आहे, उगाच नाव ठेवणार नाही. भरवते, केस विंचरते, पाणी हवं म्हणायच्या आत पेला तोंडाला लावते. पण इथेच घोडं पेंड खात होतं. त्या उजव्या हाताला घरात कुणी काही कामच ठेवलं नव्हतं, आणि अक्कांनाही तेच हवं होतं. "मला पोत्यात घातलंय बघ," त्या हसून म्हणाल्या. पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

मी दोन रविवार विचार केला आणि तिसऱ्या रविवारी कापड घेऊन गेले. गर्द निळं, सुती. म्हटलं, "अक्का, तुमच्यासाठी ड्रेस शिवणार आहे."

"कोण?"

"मी."

"तू? तुला बटण लावता येत नाही!"

"मापं सांगा," मी म्हणाले आणि टेप त्यांच्या डाव्या हातात दिली. मग घरच्या मशीनवर जाऊन बसले आणि रिकामं पायडल मारायला लागले. ते मशीन उलटंच फिरायला लागलं. अक्का ओरडल्या, "अगं उलटं, उलटं! सुई तोडशील!" मी चाक हातानं सरळ फिरवून परत सुरू केलं. खट. बराच वेळ काही नाही. खट, खट. असं अडखळत. त्यांना कळलं होतं मी काय करतेय. तोंड खिडकीकडे वळलं. टॉवेल हलला नाही, टेप उलगडली नाही. मग तशाच, माझ्याकडे न बघता, त्या म्हणाल्या, "दंड अकरा. दोन्ही. लिही."

मी म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'चा अर्थ त्यांना लागला की नाही, मला आजही ठाऊक नाही. चेहरा तसाच होता.

आठवडाभर मी त्या ड्रेसशी झटले. लॅबमधून आले की बसायचं. गळा वाकडा झाला, एक खांदा वर चढला. नवरा म्हणाला, "हा ड्रेस आहे की सूड?" पण बाह्या मी अगदी मापात केल्या, दोन्ही अकरा, आणि धावदोऱ्यानं जोडल्या. खरं सांगायचं तर मला दुसरा टाकाच येत नाही.

पुढच्या रविवारी सुनेनं आणि मी मिळून त्यांना तो ड्रेस घातला. डावी बाही बसली. उजवी लोंबायला लागली. न वापरलेला हात वाळला होता, अकराच्या बाहीत तो काठीसारखा दिसत होता. सून पटकन टॉवेल टाकायला पुढे झाली. मी तिचा हात धरला.

"अक्का," मी म्हणाले, "बाही कशी झालीय बघा."

मला एकाच गोष्टीची खात्री होती. ही बाई स्वतःच्या हाताकडे बघणार नाही, पण वाईट शिवलेल्या बाहीकडे न बघता तिच्यानं राहवणार नाही. चाळीस वर्षांची खोड आहे, अशी जाते होय? त्यांनी मान वळवली. आधी खांद्याकडे बघितलं, नाक मुरडलं. मग नजर खाली आली, दंडावर, कोपरावर, मनगटावर. आणि तिथेच थांबली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा अक्का त्या हाताकडे बघत होत्या.   मी जास्तच केलं का, असं वाटलं. आजारी माणूस आहे, मी कोण लागून गेले?

"ही बाही आहे की पिशवी?" अक्का म्हणाल्या. आवाज चिरकला होता.

"तुम्ही सांगितलंत तेवढीच शिवली," मी म्हणाले.  "दंड अकरा. जिचं माप दिलंत, तिची बाही शिवली."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं आता काठी येते डोक्यात.  मग अक्कांचं तोंड वाकडं झालं, आणि मला कळेना त्या रडताहेत की हसताहेत. दोन्ही करत होत्या. "सटवे," त्या म्हणाल्या, "माझंच औषध मला पाजतेस?" डाव्या हातानं त्यांनी बाहीचा दोरा ओढला. निम्म्यात अडकला, माझी गाठ होती ना मधे. "धावदोरासुद्धा धड नाही!" म्हणत त्यांनी तो दातानं तोडला आणि बाही सुटून खाली पडली.

"टेप दे," त्या म्हणाल्या.

मी टेप दिली आणि खुर्चीवर बसून दोन्ही हात मांड्यांखाली घातले. नाहीतर मी मदत केलीच असती. सूनबाईनं पदर तोंडाला लावला होता. अक्कांनी टेपचं एक टोक दातांत धरलं, दुसरं डाव्या हातानं उजव्या दंडाभोवती फिरवलं. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा त्यांनी मान वाकवून ती जुळवली, डोळे बारीक केले. दातांत टेप धरून बोलता येईना, म्हणून आधी सोडली, मग म्हणाल्या, "साडेनऊ." आणि त्या साडेनऊवर, उघड्या दंडावर, त्यांनी डाव्या हाताचा तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. "किती वाळलीस गं," असं त्या पुटपुटल्या. आमच्याशी बोलत नव्हत्या.

"आलं," मी म्हणाले.

"आता डावा," अक्का म्हणाल्या.

"डाव्याची बाही बसलीय की आई," सून कळवळून म्हणाली, "कशाला उगाच दमता?"

"अंदाजानं सांगितलेलं माप माप नसतं," अक्का म्हणाल्या. पण डावा दंड मोजायचा तर टेप फिरवायला डावा हात उरत नाही, आणि दात त्या दंडाशी पोचले तरी टोक आवळायला दुसरं कुणीतरी लागतंच. त्या खोलीत अक्कांचं असं दुसरं कुणीतरी एकच होतं. त्यांनी डाव्या हातानं उजवा उचलला, लहान मुलाला उचलतात तसा, आणि छातीपाशी, डाव्या दंडाला लागून आणला. टेपचं टोक त्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात सरकवलं. सुटलं. परत सरकवलं. परत सुटलं. कपाळावर घाम आला. मी मांड्यांखालचे हात इतके दाबले होते की मुंग्या आल्या.

"धर गं," अक्का त्या हाताला म्हणाल्या. इतके महिने ज्याला लाकूड म्हणत होत्या त्याला. "धर गं बाई. चिडलीयेस ना? चीड. पण धर."

अंगठा थरथरला. दाबला. टोक तिथे राहिलं. फार नाही, एक श्वास भरून सोडेपर्यंत. तेवढ्यात त्यांनी दातानं टेप डाव्या दंडाभोवती फिरवून घेतली, मान तिरकी करून आकडा वाचला, आणि टेप गळून मांडीवर पडली.

"पावणेअकरा," अक्का म्हणाल्या.

मी हात मांड्यांखालून काढले आणि खाली पडलेली बाही उचलून तिची घडी घालत बसले. सून तर हमसून रडत होती. अक्का आमच्या दोघींकडे बघत होत्या. उजवा हात आता मांडीवर उघडा होता, डाव्या हाताच्या तळव्यात धरलेला.

"अगं, आलं म्हण की," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं फुकटच म्हणत होते का?"

"आलं, अक्का," मी म्हणाले. "आलं."